तिसरी ओळ

प्रिय मुली,

जोडून आलेल्या सुट्टीत रवांडावरचा तो चित्रपट पाहून तू लिहिलेले पत्र आणि सोबतचे दीड पानाचे टिपण, दोन्ही मिळाले. चित्रपट संपल्यावर सगळ्यांबरोबर तूही पोटभर जेवलीस आणि दुसऱ्या दिवशी सहलीलाही गेलीस, याची टोचणी तुला लागली आहे. त्यावर मी शाई खर्च करणार नाही. तू उपाशी राहिली असतीस तर १९९४ साली मेलेल्यांपैकी कोणाचेही भले झाले नसते.

माझे डोके फिरले ते टिपणाची तिसरी ओळ वाचून. 'एप्रिल १९९४ मध्ये रवांडात हिंसाचार उसळला आणि शंभर दिवसांत सुमारे आठ लाख लोक मृत्युमुखी पडले.' आकडे ठीक आहेत, व्याकरणही निर्दोष आहे. पण व्याकरणाच्या हिशेबाने या वाक्यातला कर्ता हिंसाचार स्वतःच आहे, जणू दूध उतू जावे तसा तो आपणहून उसळला. मृत्युमुखी लोक महापुरात पडतात, साथीत पडतात. या आठ लाखांना माणसांनी मारले. कर्ता लिही. राजवटीतल्या, बहुसंख्य हुतू जमातीच्या कट्टर सूत्रधारांनी, लष्करातल्या लोकांनी, इंटरहाम्वे नावाच्या टोळ्यांनी आणि त्यांच्या जोडीने शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अल्पसंख्य तुत्सी जमातीच्या लोकांना, तसेच या कटाला विरोध करणाऱ्या हुतूंना, कोयत्यांनी आणि बंदुकांनी मारले. वाक्य लांबते, लांबू दे. तुत्सी म्हणजे झुरळे, असे एका रेडिओ केंद्राचे निवेदक रोज सांगत होते, हेही लिही. बेल्जियन वसाहतीच्या प्रशासनाने १९३०च्या दशकात ओळखपत्रावर जमात नोंदवायला सुरुवात केली होती, आणि सहा दशकांनी रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र पाहून कोण जगणार ते ठरले. बघ, मीही 'ठरले' लिहून गेलो! नाक्यावर कोयता घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी ते ठरवले.

जिथे कर्ता खरोखर ठाऊक नाही, तिथे तो रचू नकोस. कत्तल सुरू होण्याच्या तोंडावर, ६ एप्रिलला, रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांचे विमान कोणी पाडले यावर आजही वाद आहे. तिथे वाद आहे एवढेच लिहावे. पण एका जागी कर्ता सापडत नाही म्हणून सगळीकडेच तो गाळायची सवलत मिळत नाही.

हे वेड मला उगाच लागलेले नाही. त्या महिन्यात मी एका दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होतो. रवांडातली शांतिसेना सुमारे अडीच हजारांवरून २७० वर आणण्याचा ठराव सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला केला. त्याची तार माझ्या टेबलावर आली, आणि 'रवांडात टोळीयुद्ध. शांतिसेनेत कपात' असा मथळा देऊन मी ती चार ओळींत बसवली. टोळीयुद्ध म्हटले की दोन्ही बाजू सारख्याच, आणि वाचणाऱ्याला पुढची बातमी वाचायला मोकळीक. मग मीही सुट्टी जोडून घेऊन तीन दिवस बाहेरगावी गेलो. तारेतच तो शब्द होता, दक्षिण आफ्रिकेची पहिली सर्ववंशीय निवडणूक तोंडावर आली होती, पानावर जागा नव्हती. आणि मी तर साधा उपसंपादक. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या जूनमध्येही 'वंशसंहाराची कृत्ये' इतकेच म्हणत होत्या, आणि अशी किती कृत्ये मिळून एक वंशसंहार होतो, असे एका पत्रकाराने विचारल्यावर त्यांनी उत्तर टाळले. नुसता 'वंशसंहार' हा शब्द उच्चारला तर १९४८च्या वंशसंहारविरोधी कराराने येणारी जबाबदारी अंगावर येईल, ही त्यामागची भीती. त्यांच्यापुढे माझ्या चार ओळी त्या काय! गेली तीस वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो आहे, आणि आताही तुला समजावण्याच्या निमित्ताने तेच करतो आहे, हे तुझ्या ध्यानात आले असेलच.

आता तुझी खरी अडचण. चित्रपटातला हॉटेलचा व्यवस्थापक पाहून तू रडलीस, आणि त्या हॉटेलातून वाचलेल्या काही जणांनाच त्याचे ते चित्र मान्य नाही, हे वाचून आपले रडणे खोटे ठरले असे तुला वाटू लागले. किगालीतल्या त्या हॉटेलात हजाराहून अधिक माणसे वाचली, ही गोष्ट कोणी नाकारत नाही. भांडण आहे ते 'वाचवले' या क्रियापदाच्या कर्त्याचे, आणि ते वाजवी आहे. सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियान्य हे संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्र निरीक्षक होते. नाक्यांवरच्या माणसांशी हुज्जत घालत, त्यांना हसवत त्यांनी आपल्या गाडीतून थोडी थोडी करत शेकडो माणसे बाहेर काढली, आणि ३१ मे रोजी तोफगोळ्याने त्यांचा बळी घेतला. तुझ्या टिपणात ते कुठेही नाहीत. चित्रपटाला दोन तासांत एक नायक पुरतो. तुला दीड पान असूनही एकच नायक पुरला, याचे मला नवल वाटते. त्यांच्यासाठी जागा हवी असेल तर 'मन सुन्न झाले' ही ओळ काढ. तिचा कर्ताही तुझे मनच आहे.

टिपण परत पाठवतो आहे, त्यासोबत माझे ते कात्रणही. त्याच्या कडेला पेन्सिलीने केलेली दुरुस्ती सप्टेंबर १९९८ मधली आहे. टांझानियातल्या आरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने रवांडातल्या ताबाचे माजी महापौर जाँ-पॉल अकायेसू यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले, त्या आठवड्यातली. चार ओळींच्या सात झाल्या आहेत. कात्रण उलगडून नीट पाहा: बातमीखाली शब्दकोड्याची चौकट दिसेल. त्या रात्री ती मीच लावली होती.