झाकण बसेना, पट्टा शिरेना

प्रश्न : वडिलांच्या एचएमटी जनता घड्याळाचं मागचं झाकण हरवलं. जुन्या बाजारातून दुसरं आणलं, तेही जनताचंच, पण कितीही दाबलं तरी बसत नाही. कड कानशीनं घासली तर चालेल का? (महाल, नागपूर)

उत्तर : कानस आधी बाजूला ठेवा. दाबून बसणारं झाकण भोकापेक्षा किंचित मोठंच बनवलेलं असतं. त्याची फुगीर कड ताणून आत शिरते, 'टक्' आवाज होतो आणि ते अडकतं. सहज बसेपर्यंत घासत गेलात, तर ते तितक्याच सहज गळूनही पडेल.

बहुतेक वेळा दोष मापात नसतोच. झाकणाच्या कडेला एक खाच असते, ती चावीच्या दांडीवर, म्हणजे स्टेमवर, यायला हवी; वाटेल तसं फिरवून दाबलं तर स्टेमच आडवी येते. केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या) खोबणीत घामाचा काळा मळ दगडासारखा बसलेला असतो, तो लाकडी टूथपिकनं कोरून काढा. मग मशीन बाहेर काढून रिकाम्या केसवर झाकण दाबून पाहा. आता बसलं, तर मशीन नीट खाली गेलेलं नाही आणि झाकण निर्दोष आहे.

तरीही अडलं तर भोकाचा आणि झाकणाचा व्यास डिजिटल वर्निअरनं चार-चार दिशांनी मोजा, प्रत्येक माप तीनदा घ्या. साधा वर्निअर 0.02-0.03 मिमी इकडेतिकडे दाखवतोच. आपटलेली केस लांबोळकी झालेली असते. एका दिशेला जास्त नि दुसरीला कमी भरलं, तर झाकण घासून काही साधत नाही. केस घड्याळजीकडून गोल करून घ्या.

माप खरंच मोठं असेल तर झाकणाच्या कडेला काळा मार्कर फिरवा, दाबा, उचला. जिथली शाई पुसली गेली तिथेच अडतंय. 600 नंबरचा पॉलिश पेपर आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा आणि आत शिरणाऱ्या धारेला फक्त हलका उतार द्या. पाच हात मारा, पुसा, बसवून पाहा. पकड देणाऱ्या फुगीर रेषेला हात लावायचा नाही. बहुतेकदा एवढ्या उतारानंच काम होतं.

भोक मात्र कधीच मोठं करू नका. पाठीवर 'स्टेनलेस स्टील बॅक' कोरलेलं असतं त्याचा अर्थ झाकण तेवढं स्टीलचं. वरची केस बहुधा क्रोम चढवलेल्या पितळेची असते. मुलामा एकदा फाटला की घाम आत शिरतो, पितळ हिरवं पडतं आणि कडेचं क्रोम पापुद्र्यांसारखं सुटतं.

बसवताना केस टेबलावर काचेवर पालथी घालून अंगठ्यानं रेटू नका, घुमटाची काच तडकते. झाकण दाबायच्या प्रेसची नायलॉनची वाटी केसच्या काठावर टेकायला हवी, काचेवर नाही.

प्रश्न : स्टीलच्या पट्ट्याचा टोकाचा तुकडा 20 मिमीचा आहे, घड्याळाच्या दोन कानांमधलं (पट्टा अडकतो त्या टोकांमधलं) अंतर 19.6 भरतं. पिनही जाड, 1.8 मिमीची टाकायची आहे; तुकड्याचं भोक 1.5 चं आहे. (प्रतापनगर)

उत्तर : कान घासायचे नाहीत, तुकडा घासायचा. पट्टा पुन्हा मिळतो, केस मिळत नाही. पण आधी तुकडा उलटा करून पाहा. भरीव असेल तर घासता येईल. पातळ पत्रा दुमडून केलेला असेल तर विचार सोडा. एवढं घासल्यावर पत्र्यात जीव उरत नाही.

तुम्हाला 19.5 मिमी गाठायचं आहे, म्हणजे प्रत्येक बाजूनं 0.25. जाड काचेवर 400 नंबरचा पेपर पाण्यानं चिकटवा, तुकड्याची बाजू त्यावर सपाट टेकवा आणि एकाच दिशेनं ओढा. मागेपुढे घासलं की हात डुलतो, कड गोल होते आणि कानाशी फट दिसते. दर दहा ओढींनंतर मोजा, दोन्ही बाजू आलटून पालटून घ्या; सगळं एकाच बाजूनं काढलंत तर पट्टा तिरका बसेल. 19.6 वर आल्यावर 1000 नंबरवर जा. कानांच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावल्याशिवाय बसवून पाहू नका.

भोकासाठी वेगानं ड्रिल चालवू नका. स्टेनलेस स्टीलला ड्रिल नुसतं घासत राहिलं की धातू तिथेच कडक होतो. पुढे ड्रिल बोथटतं, भोक तसंच राहतं. तीन दशांशच तर वाढवायचे आहेत. सोनार वापरतात तो पाचकोनी ब्रोच, म्हणजे भोक रुंद करायची धारदार सळई, घ्या (इतवारीच्या सराफ्यात सोनारकामाच्या सामानात विचारा), तेलाचा थेंब टाका आणि हातानं फिरवा. ब्रोच निमुळता असतो, म्हणून दोन्ही तोंडांकडून थोडं थोडं कापा. एकाच बाजूनं कापलं तर पिन एका टोकाला सैल राहते.

घासताना कूलर बंद ठेवा. उघडं मशीन त्याच खोलीत असेल तर चूर नेमका त्यातच जातो, आणि कानशीचा पोलादी कण केसांसारख्या बारीक स्प्रिंगला चिकटला की घड्याळाची चाल बिघडते.

प्रश्न : नवी स्टेम लांब आहे. किती कापायची? (धरमपेठ)

उत्तर : ती मुद्दाम लांबच येते. चावी लावून पूर्ण आत ढकला, चावी आणि केसमधली फट मोजा, त्यापेक्षा 0.2 मिमी कमी कापा. उरलेलं कानशीनं. कापलेल्या टोकाची कूस (धारदार कड) काढल्याशिवाय चावीत फिरवू नका, आटे जातात.

प्रश्न : 30 मिमीची प्लास्टिक काच बसत नाही. केसमधली बैठक खरवडू का? (इतवारी)

उत्तर : नको. मुलामा फाटतो, हे वर दिलं आहे. प्लास्टिकची काच तापमानानं धातूच्या कितीतरी पट आकसते. मे महिन्यात 42 अंशांच्या खोलीतून फ्रीजमध्ये 5 अंशांवर गेली, तर 30 मिमीची काच सुमारे 0.08 मिमी लहान होते. अर्धा तास ठेवा आणि काढल्या काढल्या दाबा. उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून जमतं; जुलैत तीच काच बाहेर काढताच दव धरते, तेव्हा मशीन आत नसताना बसवा आणि पूर्ण सुकू द्या. त्यानंही बसली नाही तर काचेचीच कड 800 नंबरवर फिरवून घासा. केस धुताना काच लागलेली असेल तर स्पिरिट वापरू नका, प्लास्टिकला बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.