फिरती सॉ मिल: मशीन साडेसात लाखांची, काम किती दिवसांचं?

प्रश्न: मी ४४ वर्षांचा सुतार. कुडाळजवळच्या गावात स्वतःचं वर्कशॉप आहे. वाडीवाडीत लोकांकडे पडलेल्या फणसा-आंब्याचे मोठे ओंडके कुजून जातात, कारण ते सॉ मिलपर्यंत नेणं परवडत नाही. म्हणून ट्रॉलीवरची बँड सॉ, म्हणजे पट्टीची करवत, घेऊन दारात जाऊन लाकूड चिरून द्यायचा विचार आहे. मशीनचं कोटेशन ६ लाख ४० हजारांचं आहे. घनफुटाला ६० रुपये, दिवसाला १०० घनफूट, महिन्याला २५ दिवस, म्हणजे दीड लाख हातात. ४ लाखांची एफडी मोडून बाकीचं कर्ज काढीन, थोडं बायकोच्या दागिन्यांवर. मुलगी अकरावीत आहे. महिनाअखेरपर्यंत ५० हजार भरले तरच हा भाव मिळेल, असं विक्रेता सांगतो. घेऊ का?

उत्तर: आत्ता नको. कल्पना वेडगळ नाही, उलट तुम्ही दुखणं बरोबर ओळखलंय. पण तुमच्या कागदावर दोन गोष्टी नाहीत, एक परवाना आणि दुसरी पावसाळा.

परवान्यापासून सुरुवात करतो, कारण तो नसेल तर पुढचं गणित करण्यात अर्थ नाही. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, तेव्हापासून देशातल्या लाकूड कारखान्यांवर न्यायालयाचं लक्ष आहे. २००२ च्या आदेशाने नव्या सॉ मिलना केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय मनाई झाली. पुढे २०१५ मध्ये हा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आला आणि २०१६ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत विजेच्या किंवा यंत्राच्या जोरावर लाकूड चिरण्याची यंत्रसामग्री आणि ती जिथे चालते ती जागा, दोन्ही मिळून सॉ मिल. राज्यात लाकूड किती उपलब्ध आहे ते बघून समिती नवा परवाना द्यायचा की नाही ते ठरवते. वनहद्दीपासून अंतराचीही अट आहे. तुमचं मशीन चाकावर आहे म्हणून ते यातून सुटतं, असं मी तरी धरून चालणार नाही. आज एका वाडीत, उद्या दुसऱ्या, मग परवान्यावर जागा कुठली लिहायची? विक्रेता ‘पोर्टेबलला काही लागत नाही’ म्हणाला असेल तर त्याला ते लेटरहेडवर लिहून द्यायला सांगा. बहुतेक तिथेच विषय संपेल.

उपवनसंरक्षकांच्या, म्हणजे वन विभागाच्या, कार्यालयात साधा लेखी अर्ज द्या. मशीनचं मॉडेल, इंजिनाची ताकद, कुठल्या तालुक्यांत फिरणार आणि लाकूड कोणाचं, हे त्यात लिहा. पोच घ्या. तोंडी ‘चालतंय की’ ला बँकेत किंमत नाही आणि जप्तीच्या दिवशी तर नाहीच.

परवानगीचीच आणखी एक बाजू. लाकूड मालकाचं असलं तरी झाड सहज तोडता येत नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ आहेत, आणि तुमचे फणस नि आंबाही आहेत. म्हणजे तुमचं नव्वद टक्के गिऱ्हाईक परवानगीच्या कक्षेत येतं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली. तिकडची कामं हिशेबात धरू नका. मालकाने परवानगी काढली नसेल तर दारात उभं असलेलं मशीन तुमचं असतं, हे ध्यानात ठेवा.

आता पैसे. ६ लाख ४० हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला की ७ लाख ५५ हजार होतात. नोंदणी नसेल तर हा जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चच. जादा पट्ट्या, धार लावायचं आणि दातांना फाक द्यायचं यंत्र, चेनसॉ, जॅक, साखळ्या आणि मशीन घरी आणायचं भाडं यांना मी दीड लाखाच्या आसपास धरतो. एकूण ९ लाख. म्हणजे एफडी संपवून वर ५ लाखांचं कर्ज. १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ११,१२२ रुपये, वर्षाला सुमारे १ लाख ३३ हजार.

तुमचे २५ दिवस कोकणात कुठून आणणार? जून ते सप्टेंबर चिखलात ट्रॉली वाडीत उतरणार नाही. ऑक्टोबरचा मध्य ते मे, साडेसात महिने. त्यात गणेशोत्सव येत नाही हे खरं, पण लग्नसराई, जत्रा, शिमगा येतात आणि मशीनचं दुखणंखुपणंही येतं. महिन्याला १२ दिवस पूर्ण काम मिळालं तरी पहिल्या वर्षी मी खूश होईन. म्हणजे हंगामात ९० दिवस.

आणि दिवसाला १०० घनफूट? मशीन कापेल हो, पण ओंडका मशीनवर चढवणार कोण? तीन-साडेतीन फूट व्यासाचा फणस उतारावरून लोळवत आणायचा, पाचर मारून समतल करायचा, प्रत्येक बाजू चिरून झाली की फिरवायचा. यातच सकाळ जाते. त्यात घराजवळचं आंब्याचं झाड म्हणजे पोटात काय असेल सांगता येत नाही. कधीकाळी कपड्यांची तार बांधायला मारलेला खिळा वरून साल धरून आत गडप झालेला असतो, आणि पट्टी त्याच्यावर गेली की एका क्षणात दात गेले. हातातला मेटल डिटेक्टर घ्या, पण तरीही पट्ट्या जाणारच.

मी दिवसाला ७० घनफूट धरतो. ६० रुपयांनी ४,२०० आले. दोन गड्यांचे १,४००, इंधन ६००, पट्टी आणि धार ३००, टेम्पो ७०० म्हणजे ३,००० गेले. उरले १,२००. नव्वद दिवसांचे १ लाख ८ हजार. हप्ता १ लाख ३३ हजार. अजून तुमची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. त्या ९० दिवसांत वर्कशॉपवर दिवसाला हजार रुपये तरी कमावले असते ना? तेही धरले तर नुकसान टाळायला ९० च्या ९० दिवस रोज ९२ घनफूट कापावं लागेल. एफडीचं बुडालेलं व्याज वेगळंच. हे आकडे माझे अंदाज आहेत. तुमचे खरे टाकून बघा, पण खर्च कमी धरून नव्हे.

२०२० च्या जूनमधलं निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते ही वादळं आली तेव्हा किनारपट्टीला झाडांचा खच पडला होता, त्या वेळी असं मशीन सोन्यासारखं चाललं असतं. पण हप्ता दर महिन्याला येतो, वादळ येत नाही.

मग बँड सॉचा फायदा कुठे आहे? तिची पट्टी बारीक, दोनेक मिलिमीटरच लाकूड भुशात जातं. जाड गोल करवतीत त्याच्या दुप्पट-तिप्पट जातं. पण हे वाचलेलं लाकूड गिऱ्हाइकाचं आहे, आणि दारचा फणस चिरून घेणारा माणूस त्यासाठी तुम्हाला दोन रुपये जास्त देणार नाही. लाकूड तुमचं असेल तर मात्र वाचलेली प्रत्येक फळी तुमची. तुमची खरी कमाई चिराईच्या मजुरीत नसून सुकवलेल्या फळीत आहे, असं मला वाटतं. तुम्ही सुतार आहात. कुठली फळी टेबलाच्या माथ्याला जाईल आणि कुठली रीपेला, हे तुम्हाला साल उतरवतानाच कळतं. ती नजर ६० रुपये घनफुटाला का विकता?

म्हणून या हंगामात असं करून बघा. परवानगीचे कागद असलेले चार-सहा चांगले ओंडके विकत घ्या, वाहतूक पास काढून जवळच्या परवानाधारक सॉ मिलमध्ये चिरून घ्या, आणि शेडमध्ये फळ्यांच्या थरांत लाकडी पट्ट्या घालून, टोकांना रंग लावून सुकत ठेवा. एका पावसाळ्याची हवा खाऊन झाली की त्याचं फर्निचर करा किंवा फळ्या विका. भांडवल लाख-दीड लाख.

यासाठी पीएम विश्वकर्मा योजना बघा, सुतारकाम तिच्या १८ व्यवसायांत आहे. पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांत फेडायचं. ते नीट फेडलं की पुढे २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांसाठी. तारणाची भानगड नाही. मात्र क्रम चुकवू नका. गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपीसारख्या (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) योजनेतून कर्ज घेतलं असेल तर विश्वकर्मा मिळत नाही. आणि पुढे कधी मशीनसाठी पीएमईजीपीकडे वळलात तर मंजुरी आधी, खरेदी नंतर. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान आहे, पण ती रक्कम तीन वर्षं बँकेतच अडकून राहते, त्यामुळे ती हातात येणार म्हणून हप्ता ठरवू नका.

एफडीला हात लावू नका. मुलगी अकरावीत आहे, म्हणजे दोन वर्षांनी फीची पावती तुमच्या हातात असेल. दागिन्यांचं मी काही बोलत नाही, ते ज्यांचे आहेत त्यांना विचारलंय का एवढंच विचारतो.

एक गोष्ट मात्र आजच करा, मशीन घ्या वा नका घेऊ. पंतप्रधान सुरक्षा बीमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूचे २ लाख मिळतात, पण एक हात गेला तर १ लाखच. सुताराचा हात १ लाखाचा नसतो. कामावर जाता न आल्यास दर आठवड्याला भरपाई देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी वेगळी घ्या. गड्याला कामावर इजा झाली तर कायद्याने भरपाईची जबाबदारी मालकावर येते, तेव्हा त्याचाही विमा.

राहिले ते ५० हजार. अजून दिले नसतील तर देऊ नका, वन विभागाचं उत्तर येईपर्यंत तरी नाही. दिले असतील तर पावतीवर ‘परवाना नाकारल्यास पूर्ण रक्कम परत’ हे शब्द आणि विक्रेत्याची सही या आठवड्यातच घ्या.