पॅटागोनियाच्या जलमार्गांतून शिडाच्या बोटीने जाण्यापूर्वी

चिलीतील पुएर्तो माँट बंदराहून दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या बीगल सामुद्रधुनीपर्यंत जाण्याचा आपला बेत असेल, तर दिशेचा विचार आधी करावा. तिथे वारा बहुतेक वायव्येकडून किंवा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे दक्षिणेकडे उतरणे सोसवते, परंतु उलट दिशेने आठवडेच्या आठवडे वाऱ्याशी झुंजावे लागते. वाटेतले गोल्फो दे पेनास हे आखात उघड्या समुद्राचा टप्पा असल्याने अनुकूल हवामानाची वाट पाहण्यासाठी मोकळे दिवस हाताशी ठेवावेत.

नवख्यांचे सारे लक्ष शिडांवर असते, परंतु माझ्या मते या भागात बोट वाचते ती दोरांमुळे. नांगर टाकून बोट मागे किनाऱ्याकडे न्यायची, एकाने छोट्या होडीतून वल्हवत तरंगत्या दोराचे टोक झाडाच्या बुंध्याला बांधायचे, आणि अंधार पडण्यापूर्वी हेच पुन्हा पुन्हा करायचे, हा रोजचा क्रम असतो. डोंगरावरून अचानक कोसळणारे वाऱ्याचे झोत बोटीला क्षणात गरकन फिरवतात. म्हणून सुमारे 100 मीटरचे चार दोर, गुंता न होता सुटतील असे रिळांवर गुंडाळलेले हवेतच. नांगराला अडकलेले दाट समुद्रशैवाल कापण्यासाठी लांब दांड्याचा कोयताही सोबत असावा.

वाटेतले पुएर्तो एदेन हे छोटे गाव सोडल्यावर पुढे बराच काळ वस्ती लागत नाही, म्हणून डिझेलचा हिशेब इंजिन आणि केबिनमधील हीटर दोन्ही धरून, तोही सढळ हाताने करावा. चिलीच्या नौदलाकडून प्रवासाचा परवाना निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो, आणि वाटेत आपले स्थान नियमितपणे कळवणे बंधनकारक असते.