घरात असलो की शिंका-खोकला, बाहेर पडलो की आराम. एअर प्युरिफायर घ्यावा का?

आधी झोपायच्या खोलीतलं कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा आणि मागे टॉर्च मारून बघा. घरांतल्या हवेचे नमुने तपासणं हे माझं काम. तुमच्यासारखी तक्रार आली की मी सगळ्यात आधी तिथेच डोकावतो. काळपट-हिरवे ठिपके, फुगलेला रंग, फळीला कुबट वास असं काही दिसलं तर ती बुरशी. कोरड्या फडक्याने पुसू नका, बीजाणू (बुरशीच्या सूक्ष्म बियाच म्हणा) खोलीभर उडतील.

बुरशीचे बीजाणू, धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची (डस्ट माइट) विष्ठा, मांजर-कुत्र्याचा कोंडा, जिवाणू, परागकण हे सगळ्यांच्याच घरात तरंगत असतं. त्रास कुठे होणार हे बरंचसं कणाच्या आकारावर अवलंबून. १० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण बहुतेक नाकात-घशातच अडकतात, म्हणून शिंका. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा बीजाणू मात्र जेमतेम २-३ मायक्रॉनचा, तो थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, जातो. निरोगी फुप्फुसं त्याचा निकाल लावतात. दमा किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल तर तो महागात पडू शकतो.

आता प्युरिफायर. त्यातला हेपा फिल्टर (बारीक कण अडवणारी दाट गाळणी) ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो हे खरं, पण कण त्याच्यापर्यंत पोचला तर! माइटच्या विष्ठेचे कण जड असतात. गादी झटकली की उडतात आणि थोड्या वेळात पुन्हा खाली बसतात. तुमचं नाक रात्रभर त्याच उशीवर, आणि यंत्र कोपऱ्यात घुमतंय. तिथे अभ्रे-चादरी दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणं आणि गादी-उशीला घट्ट विणीची खोळ घालणं जास्त कामाचं. मांजराचं उलटं आहे. त्याचा ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा पदार्थ) बारीक कणांवर बसून तासन्‌तास तरंगतो, आणि मांजर दुसऱ्याला देऊन टाकलं तरी कित्येक महिने घरात सापडतो. अशा घरात प्युरिफायर जरूर घ्या.

बुरशी सापडली असेल तर पाणी कुठून मुरतंय ते आधी शोधा, नाहीतर रंग मारला तरी ती परत येणारच. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत राहिली तर माइटही कमी होतात. हवेतले बीजाणू मोजून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर घाई करू नका (माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतोय). जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही बीजाणूंची सुरक्षित मर्यादा दिलेली नाही, ओल टाळा असंच सांगितलंय.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. घरात कबुतरं किंवा इतर पक्षी असतील, किंवा ओल जुनी असेल, आणि त्यांच्या संपर्कानंतर काही तासांनी ताप, थंडी, धाप असं होत असेल, तर ती साधी ॲलर्जी नसून हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (श्वासातून गेलेल्या अशा कणांमुळे फुप्फुसांना येणारी सूज) असू शकतो. तो लांबला तर फुप्फुसांवर कायमचे व्रण राहू शकतात. छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि पक्ष्यांचं, ओलीचं त्यांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा.