निवडणूक प्रचारात 'कम्युनिकेशन स्ट्रॅटेजिस्ट' म्हणून करिअर करता येतं का, तेही मराठवाड्यात राहून?

तुम्ही लिहिलंय की परभणीत पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहात, घरी कोरडवाहू शेती आहे आणि निवडणूक रणनीतीकार म्हणून गाजलेल्या प्रशांत किशोर यांच्या मुलाखती बघून हे डोक्यात बसलंय. पुण्या-मुंबईला न जाता हे काम होतं का, पैसे किती मिळतात आणि सुरुवात कुठून करायची, असं विचारलंय. मी लातूरची. एका दैनिकात उपसंपादक होते, २०१४ पासून हे काम करते. दोन्ही बाजूंच्या उमेदवारांचं केलंय, म्हणून इथं कुणाचं नाव येणार नाही.

करता येतं. पण त्यावर घर चालायला दोन निवडणुका जाव्या लागतात. माझ्या तर जास्तच गेल्या.

माझी सुरुवात रद्दीनं झाली. २०१४ च्या विधानसभेला ओळखीतून एका उमेदवाराची पत्रकं लिहायला गेले होते. वीस हजार पत्रकं छापून आली, वर युतीतल्या दोन्ही पक्षांच्या नेत्यांचे फोटो. २५ सप्टेंबरला संध्याकाळी युती तुटली. त्याच दिवशी आघाडीही तुटली. २७ ला अर्ज भरायची शेवटची तारीख, १५ ऑक्टोबरला मतदान. उमेदवार पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून म्हणाला, "मॅडम, आता कुणाचा फोटो लावायचा?" मी म्हटलं, कुणाचाच नको. रात्रीतून नवं पत्रक लिहिलं. कोणत्या गावची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली होती आणि ती किती दिवसांत बदलून आणली, कोणत्या पाझर तलावाचा सांडवा दुरुस्त केला, एवढंच. खाली त्याचा नंबर. तो निवडून आला. पत्रकामुळं आला असं मी कधी म्हटलं नाही, तो मात्र सगळीकडं तसंच सांगत सुटला आणि मला पुढची कामं मिळाली. ह्या धंद्यात श्रेय असंच वाटलं जातं, आणि खापरही.

आता काम काय असतं ते. मुलाखती बघून वाटतं की घोषणा शोधायची असते. 'चाय पे चर्चा'सारखी कल्पना किंवा २०२४ ला अजित पवारांनी घातलेलं गुलाबी जॅकेट लोकांच्या लक्षात राहतं, आणि त्यामागं मोठी कंपनी, मोठी टीम असते. तालुक्याच्या पातळीवर आमचं पहिलं काम त्याहून फार साधं असतं, ते म्हणजे चिन्ह शिकवणं. हसू नका. २०२४ च्या लोकसभेला एका पक्षाचं नवं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांत एक ट्रम्पेट होतं आणि यादीत त्याचंही मराठी नाव तुतारीच. लोकांनी त्याला पिपाणी म्हणायला सुरुवात केली, पण तोवर उशीर झाला होता. बीडमध्ये त्या पिपाणीवर पन्नास हजारांच्या वर मतं पडली. तुतारीवाला उमेदवार निवडून आला खरा, पण ६,५५३ मतांनी. तेव्हापासून यंत्रावर आपल्या वर-खाली कोण आहे, त्याचं चिन्ह कशासारखं दिसतं, नाव कुणाचं जुळतंय, हे मी आधी बघते. घोषणा नंतर.

दुसरं काम म्हणजे एक वाक्य शोधणं. उमेदवार गाडीत बसून निघून गेला तरी पारावर, हॉटेलात, काळी-पिवळीत जे लोक आपसांत बोलतील ते वाक्य. ते आपल्या टेबलावर सापडत नाही. माझा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात फसलेला अनुभव ह्याच बाबतीतला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०२४ ची विधानसभा. आमच्याकडं सोयाबीन हाच विषय. हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल जाहीर झालेला आणि मोंढ्यात चार-सव्वाचार हजारांवर भाव सरकत नव्हता. मी फ्लेक्सचा मजकूर केला, "सोयाबीनला हमीभावाचा न्याय". छान, स्वच्छ, कुणाच्याही लक्षात न राहणारा. औसा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांत बसले होते. बाई असल्याचा मला एवढाच फायदा होतो, की जिथं कार्यकर्ते दारातून परत येतात तिथं मला चहा मिळतो. त्यांना तो मजकूर वाचून दाखवला. कुणीच काही बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "बाई, एक कट्टा इकला की एक तेलाचा डबा येतोय. सोयाबीन बी आमचंच अन् तेल बी त्याचंच." कट्टा म्हणजे पोतं. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं. तेल महागलं, सोयाबीन होतं तिथंच राहिलं. हे समजवायला मला पानभर मजकूर लागला असता. मावशींनी दोन वाक्यांत संपवला.

उमेदवाराला आवडलं नाही. "हे काय भाषण झालं का? आकडे द्या मला." आकडे दिले, पण वर एक रिकामा तेलाचा डबाही दिला आणि म्हटलं, हा हातात धरून बोला. पहिल्या कॉर्नर सभेला तो लाजला. तिसऱ्या सभेपर्यंत डबा वाजवायला शिकला.

आठ-दहा दिवसांनी लातूरहून औशाला जाताना काळी-पिवळीत मागच्या सीटवर दोघं बोलत होते. एक म्हणाला, "कट्टा दे अन् डबा घे, एवढंच राहिलंय आता." मी खूश. वाक्य परत आलं होतं. आमच्याकडं मोजायचं खरं साधन हेच. रील किती लोकांनी बघितलं ते बघावंच लागतं, पण त्यातले निम्मे पुण्याला कंपनीत काम करणारी आपलीच पोरं असतात. मग मी सहज विचारलं, "कोण म्हणतंय हो असं?" तो म्हणाला, "कुणीतरी उभारलंय बघा इकडं."

तिथंच माझ्या पोटात गोळा आला. डबा सगळ्यांना ठाऊक होता, डबा उचलणारा कोण हे निम्म्यांना माहीत नव्हतं. वाक्यात मी त्याचं नाव कुठं गुंफलंच नव्हतं. तो पडला. अर्थात एवढ्यामुळंच नाही. लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० प्रमाणं पाच महिन्यांचे ७,५०० रुपये मतदानाच्या आधीच खात्यात पोचले होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हप्ता तर आगाऊच. ज्या मावशींनी मला वाक्य दिलं त्यांनी मत कुणाला दिलं असेल, याचा अंदाज मला आहे. त्यांना मी दोष देत नाही. खात्यात आलेले पैसे हासुद्धा एक संदेशच असतो, आणि तो फ्लेक्सपेक्षा मोठा असतो.

मराठवाड्यातली एक गोष्ट बाहेरून आलेल्या टीमला कळत नाही, ती म्हणजे मतदार घरी आहे का. बीड जिल्ह्यातल्या एका मतदारसंघाचं काम होतं. मतदान २० नोव्हेंबर, गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मग गावात फ्लेक्स कुणासाठी लावायचे? आम्ही मतदार यादी बाजूला ठेवून आधी टोळ्या नेणाऱ्या मुकादमांची यादी केली आणि ट्रॅक्टर भरायच्या आधी लोकांना गाठलं. उमेदवाराला व्हॉइस मेसेजमध्ये म्हणायचं होतं, "मतदानाला गाडी पाठवतो, या." ते मी कापलं. मतदारांची ने-आण करायला उमेदवारानं वाहन पुरवणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण आहे. स्वतःच्या आवाजात त्याचा पुरावा वाटत सुटला असता. हौशी माणूस आणि कामाचा माणूस ह्यांत फरक पडतो तो अशा ठिकाणी.

म्हणून कायदा वाचाच. फार नाही, थोडाच आहे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर कलम १२७ अ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. टीव्ही, रेडिओ, सोशल मीडियावरची जाहिरात आधी जिल्ह्याच्या एमसीएमसी, म्हणजे माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, अर्ज तीन दिवस आधी. म्हणजे सकाळी सुचलं आणि दुपारी पैसे लावून रील सोडलं, असं चालत नाही. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख, एलईडी व्हॅनपासून चहापर्यंत सगळं त्यात धरतात. शेवटचे ४८ तास जाहीर प्रचार बंद. त्या ४८ तासांत काय चालतं ते तुम्ही परभणीचे आहात, तुम्हाला लक्ष्मीदर्शन म्हणजे काय ते मी सांगायला नको. ते आमच्या टेबलावर येत नाही. आलं तर उठून यायचं.

जातीचंही विचारलंयत तुम्ही, जरा आडून. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि त्यानंतर गावोगावी नेत्यांना गावबंदीचे फलक लागले. कितीतरी गावांत दोन समाजांचे लोक एकमेकांच्या दुकानात जायचे थांबले. त्या काळात मला दोन वेळा, दोन वेगवेगळ्या बाजूंनी, "आपल्या लोकांना पेटवणारं काहीतरी लिहा" असं सांगितलं गेलं. एका ठिकाणी मी नाही म्हटलं आणि काम गेलं. दुसऱ्या ठिकाणी नाही म्हटलं नाही, टाळत राहिले, मजकूर मवाळ करून देत राहिले. तो नंतर त्यांनी दुसऱ्याकडून हवा तसा करून घेतलाच. ते काम मी अर्ध्यावर सोडायला हवं होतं. निकालानंतर तुमचा उमेदवार मुंबईला जातो, तुम्हाला त्याच गावच्या एसटी स्टँडवर उभं राहायचं असतं.

पैसे. पहिल्या निवडणुकीचे ४० हजार ठरले होते, २५ मिळाले, तेही उमेदवार निवडून येऊन. पडलेल्या उमेदवाराकडून उरलेले पैसे मला आजवर एकदाच मिळाले आहेत. त्यामुळं माझा नियम असा: निम्मे सुरुवातीला, उरलेले उमेदवारी अर्ज माघारीच्या दिवसापर्यंत, मतदानानंतर घ्यायचं काही शिल्लक ठेवायचं नाही. लिहून घ्या. "ताई, तुम्ही घरच्या" असं कुणी म्हणालं की समजायचं, पैसे बुडाले. मोठ्या कंपन्या काही महिन्यांच्या करारावर पोरं घेतात, पगार वेळेवर होतो. पण जिल्ह्यात फिरून माहितीच गोळा करायची असते, ठरवणारे दुसरीकडं बसलेले असतात. एकदा करून बघायला हरकत नाही.

निवडणुका पाच वर्षांनी येतात असं समजून घाबरू नका. बाजार समिती, साखर कारखाना, नगरपालिका, जिल्हा परिषद, पदवीधर मतदारसंघ, काही ना काही चालूच असतं. मधल्या काळात माझं घर चालतं ते आमदारांचे कार्यअहवाल, अधिवेशनातली भाषणं आणि लक्षवेधी सूचनांचे मसुदे लिहून. कंटाळवाणं आहे, पण दर महिन्याला पैसे येतात. आणि पाणंद रस्ता, पीकविमा, डीपी ह्या विषयांची खरी माहिती तिथंच होते. पुढच्या प्रचारात ती कामी येते.

सुरुवातीसाठी कोर्स शोधत बसू नका, तुमची पदवी पुरेशी आहे. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर फॉर्म २० मिळतो. कोणत्या बूथवर कुणाला किती मतं पडली ते त्यात असतं. तुमच्या गावच्या आणि शेजारच्या पाच गावांच्या बूथचे २०१९ आणि २०२४ चे आकडे एक्सेलमध्ये समोरासमोर मांडा. जिथं उलटापालट दिसेल त्या गावात जा आणि कुणालाही "मत कुणाला दिलं" असं न विचारता दोन तास बसा. मग तुमच्या सर्कलमधून (जिल्हा परिषदेच्या गटातून) जिल्हा परिषदेला इच्छुक असलेल्या एखाद्याला दोन पानं लिहून द्या: ह्या गावात लोक काय बोलतायत, आणि तुम्ही काय बोलताय. मला कुणी असा कागद आणून दिला तर मी बायोडाटा बघणार नाही. सोबत युनिकोड टायपिंग पक्कं करा, मोबाईलवर व्हिडिओ कापायला शिका आणि दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली, बोलता येत असेल तर ते विसरू नका. परभणीत, संभाजीनगरात अर्धी सभा त्यात होते.

घरच्यांना काय सांगायचं, हाही प्रश्न होता. ते मला अजून जमलेलं नाही. अकरा वर्षं झाली दैनिक सोडून, आमचे आण्णा अजून पाहुण्यांना सांगतात, "पोरगी पेपरात हाय."