घरी मराठी बोललो तर मुलाचं इंग्रजी कच्चं राहील का?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टन शहरातलं एक कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई-वडील दोघंही नोकरीवाले, साताऱ्याहून सुपर व्हिसावर (आई-वडील, आजी-आजोबांसाठीचा लांब मुक्कामाचा व्हिसा) आलेली आजी आणि साडेचार वर्षांचा मुलगा. सप्टेंबरात तो ज्युनिअर किंडरगार्टनला, म्हणजे शाळेतल्या बालवर्गाला जायला लागला. नोव्हेंबर उजाडला तरी वर्गात तोंड उघडेना. शिक्षिकेने पालकभेटीत सुचवलं, "भाषेचा विकास मागे पडलाय का ते तपासून घ्या." त्या रात्रीपासून घरात मराठी बंद झाली. माझ्याकडे समुपदेशनाला आले तोवर शाळेतली चुप्पी तशीच होती, वर घरी आदळआपट सुरू झाली होती आणि आजीने हाक मारली की मुलगा कानांवर हात ठेवत होता.

आईचा प्रश्न कॅनडातल्या मराठी, पंजाबी, तमिळ अशा कुठल्याही घरातून येतो: पुन्हा मराठी सुरू केली तर इंग्रजी आणखी मागे पडेल का?

नाही. पण तेवढं सांगून आईबापांची झोप परत येत नाही, म्हणून तपासणीपासून सुरुवात केली.

पहिली पायरी कानांची. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साठतं, ऐकू कमी येतं आणि दोष मात्र दोन भाषांवर जातो. याची श्रवणचाचणी व्यवस्थित आली. दुसरी पायरी म्हणजे घरच्या भाषेत मूल काय करू शकतं ते पाहणं, कारण भाषेचा खरा विलंब एका भाषेपुरता नसतो, दोन्हींत दिसतो. आजीला फक्त एवढंच विचारायला सांगितलं, "आपण थालीपीठ कसं करतो रे?" उत्तर आलं: "आधी पीठ, मग कांदा, मग तू थाप थाप करते आणि मध्ये बोट घालून भोक पाडते, कारण तेल आत गेलं पाहिजे." आधी, मग, कारण. क्रमही आहे आणि कार्यकारणही. भाषा ठणठणीत आहे, इंग्रजी अजून यायची आहे, इतकंच. नवी भाषा कानावर पडत असताना मुलं काही आठवडे ते काही महिने गप्प राहून ऐकतात, हे नेहमीचं आहे.

मग शिक्षिकेला शंका का आली? उत्तर प्रवेशअर्जात होतं. 'मुलाची पहिली भाषा' या रकान्यात वडिलांनी 'इंग्रजी' लिहिलं होतं, मुलाला वेगळं काढतील या भीतीने. इंग्रजी घरातलं मूल दोन महिने बोलत नाही म्हटल्यावर कुठल्याही शिक्षिकेला काळजी वाटणारच. शिवाय इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीची शाळेतली मदतही त्या एका शब्दामुळे हुकली. ही चूक मी फार घरांत पाहते. पहिलं काम म्हणून शाळेच्या कार्यालयात जाऊन नोंद 'मराठी' अशी दुरुस्त करून घ्यायला लावली.

मराठी बंद केल्याने काय झालं, ते जेवणाच्या वेळी फोनवर केलेल्या रेकॉर्डिंगमधून कळलं. "ईट फास्ट." "डोन्ट स्पिल." "फिनिश इट." नुसते हुकूम. दोघांचंही ऑफिसातलं इंग्रजी उत्तम, पण लाडीगोडीचं, चिडवाचिडवीचं, 'मग काय झालं?' विचारायचं इंग्रजी त्यांच्याकडे नव्हतं. ते मराठीत होतं आणि तेच थांबलं. आजी तर गप्पांमधून बादच.

मग आठवड्याचा हिशेब मांडला. मूल रोज १३ तास जागं, म्हणजे आठवड्याला ९१. शाळा ३२.५, शाळेनंतरचं पाळणाघर १०, टीव्ही-टॅबलेट १०.५. इंग्रजीचे ५३ तास काही न करता होतात. मूल मराठी बोलतं राहायचं तर जागेपणीचा निदान चौथा हिस्सा मराठीत जावा, असा माझा ठोकताळा आहे. इथे साधारण २३ तास. शाळा चालत दहा मिनिटांवर असूनही 'इंग्रजी तरी कानावर पडेल' म्हणून पाळणाघर लावलं होतं. त्यातले तीन दिवस आजीकडे आले.

घरात बदल थोडेच केले. नाश्ता, अंघोळ आणि झोपतानाची गोष्ट मराठीत. बाकी वेळी जे तोंडात येईल ते. 'हो-नाही'त संपणारे प्रश्न कमी करून "दूध की ताक?" असे पर्याय द्यायचे आणि विचारल्यावर मनात पाच आकडे मोजून थांबायचं. मोठी माणसं दुसऱ्याच सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. "मला पोळी वाँट नाही" म्हणाला तर हसायचं नाही, सुधारायचं नाही, "पोळी नको? मग भात वाढू?" म्हणून पुढे जायचं. सरमिसळ म्हणजे गोंधळ नव्हे. आणि पाहुण्यांसमोर "बोल ना मराठीत" अशी परीक्षा तर अजिबात नको.

वडिलांनी विचारलं, देश बहुसांस्कृतिक म्हणवतो, मग शाळेत मराठी का नाही? कारण १९७१ साली जाहीर झालेलं धोरण संस्कृती अनेक मानतं, राजभाषा मात्र दोनच. २०२१च्या जनगणनेत दर चार माणसांमागे साधारण एकाची मातृभाषा इंग्रजी-फ्रेंचखेरीज दुसरी होती, तरी वर्गातला कारभार इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच. ऑन्टारिओत एक वाट आहे: किमान २५ मुलांच्या पालकांनी लेखी मागणी केली तर शाळा मंडळाला त्या भाषेचा वर्ग काढावा लागतो, आठवड्याला जास्तीत जास्त अडीच तास. महाराष्ट्र मंडळांच्या रविवारच्या मराठी शाळाही आहेत. सोबती मिळतात, अक्षरओळख होते. घरच्या बोलण्याची भरपाई मात्र त्यातून होत नाही.

मार्चच्या सुमारास मुलगा वर्गात बोलला, शिक्षिकेशी नव्हे, सँडबॉक्समधल्या मित्राशी. बहुतेकदा असंच होतं. खेळापुरतं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, पुस्तकी इंग्रजीला पाच ते सात लागतात. त्यामुळे पहिलीतल्या प्रगतिपुस्तकावरून घाबरू नये.

मात्र घरी भरभरून बोलणारं मूल कित्येक महिन्यांनंतरही शाळेत कोणाशीच, अगदी मराठी बोलणाऱ्या वर्गमित्राशीसुद्धा बोलत नसेल, स्वतःचं नाव पुकारताच थिजून जात असेल, तर तो प्रश्न भाषेचा नसून चिंतेचा असतो. तेव्हा वाट न पाहता बालमानसतज्ज्ञाकडे जावं.