नव्या सरपंचताईंसाठी : ग्रामसभेत थोडक्यात बोला

ताई, ग्रामसभेत निर्णय आधी सांगा, कारणं नंतर. टँकरचा विषय निघाला की 1972च्या दुष्काळापासून सुरुवात करू नका. "सोमवारपासून टँकर, रोज दोन खेपा, आधी वस्तीवर, मग गावात," एवढं बोलून थांबा. लोक विचारतीलच, उत्तर त्या प्रश्नापुरतंच द्या. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जे कमी ते लागतात. सोयाबीनच्या काढणीत एवढी माणसं जमणंच मुश्किल, त्यांना भाषणात अडकवणं मला अन्याय वाटतो. सत्कार शेवटी. मात्र घरकुलाच्या यादीतून कुणाचं नाव गळालं असेल, तर तिथं आखडतं घेऊ नका. सभेच्या आधीच त्याच्या घरी जा, सगळं सविस्तर सांगा, त्याचंही पूर्ण ऐका.